घरचं पाणी

पोलीस ॲक्शननंतर रिकाम्या पडलेल्या एका हवेलीत आमची मुलींची शाळा भरायची. जनानखान्यात सातवीचा वर्ग, दिवाणखान्यात ऑफिस. मालक मंडळी कराचीला गेलेली. अंगणातल्या त्यांच्या हौदात मात्र जमिनीखालच्या जुन्या नहरीचं पाणी अजून येत होतं.

रोज सकाळी मोहल्ल्यातले एक म्हातारे भिश्ती, सगळ्यांचे चाचा, यायचे, हौदातून कातड्याची पखाल भरायचे आणि दाराच्या दगडी उंबऱ्यावर पाणी शिंपून जायचे. तोवर मुलींना सोडायला आलेल्या बाया बाहेरच थांबायच्या. कोरडा उंबरा कुणी ओलांडायचं नाही! इकडे प्रार्थना सुरू आणि निम्मी शाळा रस्त्यावर. मी नवी मुख्याध्यापिका, शिस्तीची भारी हौस. एक दिवस चाचांना हटकलंच.

"बेगमसाब बोल के गए," ते म्हणाले, "हम आए तक चौखट सूखने नक्को देना, चाचा."

"मग नळाचं पाणी घ्या. लवकर येऊन शिंपा."

"नल का पानी सरकार का, बाई. ये घर का पानी है."

मला हसू आलं. पुढच्याच सुट्टीत मी हौदावर शहाबादी फरशा टाकून घेतल्या. स्नेहसंमेलनाला स्टेज हवंच होतं.

शाळा उघडली त्या दिवशी चाचा आले. रिकामी पखाल खांद्यावर तशीच. वाकून त्यांनी फरशीला कान लावला, बराच वेळ. मग उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. बायाही हळूहळू आत यायला लागल्या. माझ्याशी मात्र कुणी धड बोलेना.

प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मौन असायचं. त्या शांततेत फरशीखालून पाणी पडल्याचा आवाज यायचा. मुलींना ऐकू येत नव्हता. मी विचारून पाहिलं होतं. मला ते मौन नकोसं व्हायला लागलं. शेवटी मी ते बंदच केलं.

दोनेक वर्षांनी एका दुपारी दारात एक वयस्क बाई उभ्या दिसल्या. कुणाच्या तरी लग्नाला कराचीहून आल्या होत्या. "ये हमारा घर था," म्हणाल्या. मी त्यांना आत बोलावलं. त्या आल्या नाहीत. खाली वाकल्या, उंबऱ्यावरून हात फिरवला आणि बोटांना लागलेली धूळ पाहत राहिल्या.

"चाचा गुज़र गए?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्या तिथेच उभ्या राहून रडल्या, दुवा मागितली आणि टांग्यात बसून निघून गेल्या.

चाचा तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे राहत होते, चांगले हिंडतेफिरते.