चार दहाची गाडी

रेल्वे आली म्हणून पोर्ट वेरिन वसलं. आधी नुसती वाळू, वारा आणि मेंढ्या. मग धक्क्यापर्यंत रूळ आले, गव्हाची पोती आली, दोन गुत्ते आले, पापं धुवायला एक चर्चही आलं. आणि फाटकावर ऑलविन ट्रेगिअर आली, एकोणीस वर्षांची नवी नवरी. घंटेचे तीन ठोके पडले की फाटक लावायचं, दोन पडले की उघडायचं. मध्ये गव्हर्नर आला तरी उघडायचं नाही. एकदाच तिनं उघडलं, पाववाला घाईत होता म्हणून. गाडीखाली गेलेल्या त्या बिचाऱ्याचं नाव तिनं पुन्हा कधी घेतलं नाही.

चाळीस वर्षांनी लाइन बंद पडली. रूळ भंगारात गेले, घंटेची तार तिच्या डोळ्यांदेखत कापली. तरी रोज दुपारी चार दहाला घंटा वाजे. ऐकू येई तिला एकटीला. ती फाटक लावी आणि गाव मुकाट थांबे. सगळे रेल्वेच्या पगारावर वाढलेले. लावलेलं फाटक ओलांडायची कुणाची छाती होती? चेष्टा मात्र भरपूर.

"काय मावशी, गाडी लेट का आज?"

"तुझ्या अकलेइतकी नाही रे बाबा."

मुलगा मर्व्ह शहरात. त्याला याची लाज वाटे. एक दिवस त्याचा फोन आला.

"आई, आज चारला येतोय. फाटक उघडं दिसलं तर राहा खुशाल फाटकाजवळच्या त्या घरात. लावलेलं दिसलं तर वृद्धाश्रम. मग रडू नकोस."

त्या घराशिवाय तिला होतं काय! चार वाजता ती हात मांडीखाली दाबून बसली. ठोके पडले. एक, दोन, तीन. ती हलली नाही. तेवढ्यात वळणावर मर्व्हची गाडी दिसली.

"मरो ते घर!" म्हणत म्हातारी धावली आणि तिनं फाटक लावलं.

"अगं, काय येतंय ते दाखव ना मला!" मर्व्ह हॉर्न दाबत ओरडला.

वारा पडलेला होता, तरी फाटक थरथरू लागलं. कोळशाचा वास आला. मर्व्हच्या तोंडावरून एकामागून एक डब्यांच्या सावल्या सरकत गेल्या. हॉर्न कधी थांबला, त्यालाही कळलं नाही.

दोन ठोके पडले तेव्हा तिनं फाटक उघडलं. मर्व्हनं काचेवरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली.

"आता नाही ना पाठवणार मला?"

त्यानं मान खाली घातली. "आई, आश्रमाच्या कागदांवर सही मी सकाळीच करून आलो गं. फाटक उघडं असतं तरी..."

ती रडली नाही. "मग उद्या कोण लावणार रे?" एवढंच तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिला आश्रमात सोडून मर्व्ह शहराकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेवरून फाटकाकडे परत फिरला. चार दहाला रिकाम्या घरात तीन ठोके पडले. ते त्याला स्वच्छ ऐकू आले. शाळेची बस वळणावर आली होती. तो धावत सुटला.