खिडकीच्या काचेवर दोन कागद

अमरावतीत माझ्या विषयावर माझ्याशी भांडेल असा एकही माणूस नाही. ऐकणारे मिळतात. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे आम्ही तिघं, आणि बाकीचे दोघं माझं बोलणं फार आदराने ऐकतात. "वा सर, म्हणजे केवढं दूर असेल ते!" असं म्हणतात आणि डबा उघडतात. आदराने ऐकणाऱ्या माणसासमोर बोलायचा मला भारी कंटाळा येतो. मला तोंडावर 'नाही' म्हणणारा लागतो. तसा एकच होता. तो अकोल्यात शाळेत शिकवायचा, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी वर्ग चालू असताना फळ्यापाशीच कोसळला, तो परत उठला नाही.

आमची ओळख पुण्यात झाली, खगोलशास्त्राच्या एका उन्हाळी वर्गात. कॅन्टीनच्या रांगेत मागून आवाज आला, "काहून बे, चहा संपला काय?" आजूबाजूच्या पोरांनी वळून पाहिलं, आणि मी मात्र आपली वऱ्हाडी ऐकून त्याच्या गळ्यात पडायचाच बाकी राहिलो. तो अकोल्याच्या जुन्या शहरातला, वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान. मी अचलपूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. दोघांनाही दीर्घिकांच्या समूहांनी वेड लावलेलं होतं.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या असतात, तो समूह. हे समूह एकमेकांवर आदळत, एकमेकांत मिसळत वाढतात. त्याला इतका काळ लागतो की एका समूहाचं वाढणं कोणालाच पाहता येत नाही. वेगवेगळ्या वयाचे समूह पाहायचे आणि अंदाज बांधायचा, एवढंच हातात. त्यातही एका प्रकारच्या प्रकाशाने भागत नाही. साध्या दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात, सगळं आलबेल. त्या ठिपक्यांच्या मध्ये भरलेला तापलेला वायू दिसायला क्ष-किरण लागतात. टक्कर झाली असेल तर तिचे डाग रेडिओ लहरींमध्ये उमटतात. मी रेडिओवाला, तो क्ष-किरणांचा. दोघांनी मिळून एक समूह पकडला आणि वर्षानुवर्षं त्यालाच चिकटून बसलो.

माझ्या रेडिओच्या चित्रात समूहाच्या काठावर एक फिकट, कोयत्यासारखा वाकडा डाग होता. माझं म्हणणं, ही टकरीतून उठलेली धक्क्याची लाट. ते खरं असेल, तर त्याच्या क्ष-किरणांच्या चित्रात बरोबर त्याच जागी वायूचा उजेड एकदम घसरायला हवा, तिथे एक कडा दिसायला हवी. तो म्हणायचा, "नाही."

"अरे नीट बघ."

"बघितलं. नाही म्हणजे नाही."

हे बघणं दर शनिवारी चालायचं. कॉलेज अर्ध्या दिवसाचं, मी बडनेऱ्याहून गाडी पकडायचो, अकोल्याला उतरून ऑटोने मोर्णा नदीचा पूल ओलांडायचो. खाली दुकान, वर त्यांचं घर. वरच्या खोलीच्या खिडकीला मोठी काच होती. तो आपलं क्ष-किरणांचं चित्र नुसत्या रेघांमध्ये काढून, इंजिनिअरिंगची पोरं वापरतात त्या पारदर्शक कागदावर छापून आणायचा. नकाशात डोंगराच्या असतात तशा रेघा, उजेड जिथे एकदम घसरतो तिथे त्या दाट होतात. माझा रेडिओचा कागद आम्ही काचेवर धरायचो, त्यावर त्याचा ठेवायचो आणि दोन्हींवर पेन्सिलने खूण केलेले तारे एकमेकांवर जुळवायचो. हेच काम लॅपटॉप चुटकीसरशी करतो. हे मी त्याला दरवेळी सांगायचो, आणि तो दरवेळी म्हणायचा की हाताने जुळवल्याशिवाय त्याला भरवसा वाटत नाही. एक कागद त्याने धरायचा, एक मी. खांद्याला खांदा लागायचा, खालून पिंजलेल्या कापसाची धूळ जिन्याने वर यायची आणि आम्ही शिंकत भांडायचो.

एकदा वैतागून मी पैज लावली. जो हरेल त्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, "माझं चुकलं." त्याच्या वडिलांना मी चाचा म्हणतो. ते हसून म्हणाले, "हा नाई म्हनत. लहानपनीबी मार खाल्ला, पन चुकलं नाई म्हनला."

निकाल लागायला जास्त प्रकाश हवा होता. त्याच्याकडचं निरीक्षण फार थोड्या वेळाचं होतं. आम्ही क्ष-किरण पाहणाऱ्या उपग्रहावर वेळ मागितला, नाकारला गेला. पुन्हा मागितला, पुन्हा तेच. मग दूरदेशच्या एका गटाला तोच समूह तासन्‌तास पाहायला मिळाला. ती निरीक्षणं काही काळ त्यांच्यापुरती राहतात, नंतर सगळ्यांना खुली होतात. "थांबू," तो म्हणाला, "पळून थोडीच चालला तो समूह." आम्ही थांबलो. निरीक्षणं खुली झाली तेव्हा तो नव्हता.

मातीला मी गेलो होतो. त्यानंतर अकोल्याला गेलो नाही. चाचांना काय सांगायचं, हेच कळत नव्हतं. शनिवार यायचा. अर्धा दिवस झाला की पाय आपोआप बडनेऱ्याच्या ऑटोकडे वळायचे आणि मग मी राजापेठेत उगाच भाजी घेत फिरायचो. लग्न राहून गेलेल्या माणसाला इतकी भाजी कशाला लागते? सडून जायची. मला त्याची भयंकर आठवण यायची आणि ती सांगायला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

शेवटी मी क्ष-किरणांचं काम शिकायला घेतलं. या वयात! रेडिओत जे शहाणपण, ते इथे अडाणीपण. प्रकाशाचे सुटे कण मोजायचे, मध्येच सूर्याचा उपद्रव झाला असेल तेवढा वेळ कापून टाकायचा, कुठले ठिपके समूहाचे आणि कुठले मागच्या दुसऱ्याच कशाचे ते वेगळे करायचे. हे सगळं तो किती निगुतीने करायचा, ते तेव्हा कळलं. माझं पहिलं चित्र पाहून तो खो-खो हसला असता. चार-पाच चित्रं फुकट गेल्यावर एक जमलं.

कडा होती. अगदी माझ्या डागापाशी.

मी जिंकलो होतो. मोठ्याने "होती की नाही?" असं म्हणालोसुद्धा. खोलीत पंखा फिरत होता. मग मी बाजारात जाऊन तसलाच पारदर्शक कागद आणला, त्यावर चित्र छापून घेतलं आणि माझ्या खिडकीच्या काचेवर धरलं. पण दोन्ही कागद एकट्याला धरता येत नाहीत. खालचा जुळवावा तर वरचा सरकतो. चिकटपट्टी लावता आली असती. ती मी लावली नाही. पुढच्या शनिवारी बडनेऱ्याला गेलो आणि गाडीत बसलो.

दुकान उघडं होतं. चाचा मशीनजवळ बसले होते, भुवयांवर कापूस. मला पाहून उठले नाहीत.

"लय दिवसानं आला, बेटा."

"चाचा, वर चलता का? एक कागद धरायचा आहे."

त्यांनी मशीन बंद केलं. गुडघ्यावर हात ठेवत जिना चढले. वरच्या खोलीत खिडकी तीच होती, कोणी उघडली नव्हती बहुतेक. मी रेडिओचा कागद काचेवर धरला. चाचांनी दुसरा त्याच्यावर ठेवला. तारे कसे जुळवायचे ते मी दाखवलं. जुळले. माझ्या वाकड्या डागाच्या बाहेरच्या अंगाला त्या रेघा दाटीने एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. तिथे मी बोट ठेवलं.

"म्हंजे होती?"

"होती."

"मंग तो हारला."

मी बोट काढून घेतलं. चाचा कागद तसाच धरून म्हणाले, "तो तर म्हनला नसता. त्याच्याकडून मी म्हनतो. चुकलं."

"नाही चाचा, तसं म्हणू नका," मी म्हणालो. "त्याचं नाही चुकलं. त्याच्याकडे प्रकाशच थोडा होता. तेवढ्यात कडा दिसतच नव्हती. त्याने न दिसलेलं दिसलं म्हटलं नाही, एवढंच. त्याच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हणालो असतो. मला ते तेव्हाही कळत होतं."

"कळत होतं, मंग दर शनवारी भांडाले काहून येत होता?"

"भेटायला, चाचा. दुसरं काय."

हात काचेवर अडकलेले, डोळे पुसता येईनात. चाचांनी त्या दोन कागदांकडे खूप वेळ पाहिलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, तो पाहायचा तसं.

"येत जा शनवारी," ते म्हणाले. "मले याच्यातलं काई समजत नाई. पन नाई म्हनता येते मले."