पाखाडीच्या खालची घरं

आमच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. चौलजवळच्या आमच्या गावात आम्ही ज्या घरात राहायचो, तेसुद्धा एका बागाइतदाराच्या सुपारीच्या आगरात, त्याच्या परवानगीनं बांधलेलं. तरी माझा आजा स्वतःला इस्टेटवाला समजायचा, आणि गावातही कुणी त्याला हसायचं नाही. आमची इस्टेट म्हणजे गावातली घरं. आम्ही न्हावी. कुठल्या घरातल्या पुरुषांची हजामत कुणी करायची, हे आजाच्याही आजाच्या आधीपासून ठरलेलं होतं. त्या घरातल्या पोराचं जावळ, नवरदेवाची दाढी, कुणी गेलं की दहाव्या दिवसाचं क्षौर, सगळं एकाच न्हाव्याकडे. बदल्यात सुगीला भात, आगरातले नारळ, लग्नकार्यात धोतर. दुसऱ्या न्हाव्यानं त्या घराची पायरी चढायची नाही. आणि बाप गेला की शेत जावं तशी ही घरं मुलांकडे जायची.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आजाचे हात कापायला लागले. कापऱ्या हाताचा न्हावी म्हणजे घरी बसलेला न्हावी. एका सकाळी त्यानं माझ्या वडलांना आणि काकाला अंगणात समोर बसवलं. गावातले दोन म्हातारे साक्षीला बोलावले होते. मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते, आणि काकीच्या मांडीवर बसून वेणी घालून घेत होते.

आमच्या गावाच्या मधून एक पाखाडी जाते. पाखाडी म्हणजे दगडांनी बांधून काढलेली वाट, डोंगराकडून समुद्राकडे उतरणारी नव्हे, तर आडवी, देवळापासून तळ्यापर्यंत. आजा म्हणाला, "पाखाडीच्या वरची घरं थोरल्याची. खालची धाकट्याची. झालं."

"बरं," वडील म्हणाले.

काका म्हणाला, "बाबा, मला पोरबाळ न्हाय. उद्या माझं काय झालं तर खालच्या घरांचं काय?"

"दादाकडं जातील. आनि कुठं जातील?"

"आनि हिचं?" काकानं मागं न पाहताच काकीकडे हात केला.

आजाच्या आधी वडीलच बोलले. "मी हाय की. माझ्या घरात हिला भाकर कमी पडंल व्हय?"

साक्षीदारांनी माना डोलावल्या. आजानं विषय संपवला. काकीचा हात माझ्या केसांत थांबला होता, तो पुन्हा चालू झाला.

आजा पुढच्याच वर्षी गेला. त्यानंतरची काही वर्षं माझ्या आठवणीत फार चांगली आहेत. चूल एकच होती. आई भाकऱ्या थापायची, काकी कालवण करायची. काकी घरांमध्ये बाळंतपणं करायला जायची. वरच्या घरांत आणि खालच्याही, कारण माझ्या आईला त्या कामाची भीती वाटायची. बाळाला तेल लावताना ती त्याच्याशी अशा काही गप्पा मारायची की बाळंतीण हसून बेजार व्हायची. घरी येताना तिच्या पदरात खोबऱ्याची वाटी असायची, ती माझी. मी निजायचे तिच्याच कुशीत. कुणी मला विचारलं, तू कुणाची, तर मी काकीचंच नाव सांगायचे, आणि आईला त्याचं काही वाटायचं नाही.

बिघडलं ते एका नव्या घरामुळे.

वरच्या अंगाला एका मोठ्या बागाइतदाराचं घर होतं. वडलांच्या वाट्यातलं सगळ्यांत भरभक्कम घर. त्याच्या दोन मुलांचं पटेना, तेव्हा म्हाताऱ्यानं धाकट्याला पाखाडीच्या खालच्या आगरात वेगळं घर बांधून दिलं. घर कौलांनी शाकारलं गेलं, वास्तुशांत झाली, आणि आमच्या घरात प्रश्न उभा राहिला की ह्या नव्या घरातली डोकी कुणाची?

काका म्हणाला, "पाखाडीच्या खाली ते माझं. बाबांचा शब्द हाय."

वडील म्हणाले, "ते घर कुणाच्या पोटातनं निघालं? वरच्या. त्याचं जावळ मी काढलंय. मानूस खाली ऱ्हायला गेला म्हनून काय त्याचं डोकं बदललं?"

दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच ते मिटेना. जातीतल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, तर त्यांच्यातही दोन तट पडले. काही महिने दोघंही त्या घराकडे फिरकले नाहीत. तो माणूस बिचारा स्वतःच आरशात बघून दाढी करायचा, असं नंतर कळलं. आपल्या दाढीपायी दोन भाऊ भांडतायत ह्याचा त्याला संकोच वाटत असावा.

मग म्हातारा बागाइतदार वारला.

दहाव्या दिवशी तळ्यावर काय झालं, ते मी पाहिलेलं नाही. बायकामुली तिथं जात नसत. मला ते आईकडून एका तऱ्हेनं कळलं आणि काकीकडून दुसऱ्या तऱ्हेनं. दोघींच्या सांगण्यात जे सारखं आहे तेवढं सांगते. थोरल्या मुलाचं क्षौर वडलांनी केलं. ते चालू असतानाच काका हत्यारांची धोकटी घेऊन आला आणि धाकट्याच्या पुढ्यात बसला. त्यानं डोकं भिजवलं, वस्तरा लावला. अर्धं डोकं झालं होतं, तेव्हा वडलांनी उठून त्याचं मनगट धरलं.

"सोड, दादा."

"तू ऊठ. माझं घर हाय ते."

काकानं हात सोडवायला हिसका दिला. वस्तरा लागला. बाप गेल्याच्या दहाव्या दिवशी, पिंडाशेजारी बसलेल्या माणसाच्या कपाळावरून रक्त ओघळलं. भटजी ओरडले. वडलांचे आणि काकाचे हात खाली आले. तो माणूस रागावला नाही. तो एवढंच म्हणाला, "उरलेलं कुणीतरी करा हो. कावळे खोळंबलेत." ते उरलेलं वडलांनी केलं की काकानं, ह्याबद्दल आई आणि काकी वेगवेगळं सांगायच्या.

पुढच्या आठवड्यापासून तो माणूस रेवदंड्याच्या बाजारातल्या केशकर्तनालयात जाऊ लागला. तिथं खुर्ची होती आणि रोख पैसे दिले की काम संपत होतं. आमच्या गावातून तिथं जाणारा तो पहिला. त्याच्यामागून त्याचे मेहुणे गेले, मग शिकलेली तरुण पोरं गेली.

आमच्या घरात मात्र ह्यातलं काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरात मधोमध कुडाची भिंत आली. चुली दोन झाल्या. मला काकीकडे जायची कुणी मनाई केली नाही, पण मी गेले की वडील जेवताना बोलायचे नाहीत, म्हणून मी जाणं कमी केलं. भिंत कुडाची होती, त्यामुळे काकीचं खोकणं, भांडं घासणं, काकाशी हळू आवाजात बोलणं, सगळं ऐकू यायचं. एकदा काका म्हणत होता, "ते घर मला मिळालं असतं तर तुझ्यापुरतं काही बाजूला पडलं असतं." काकी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

काका गेला तो तापानं. भात कापणीच्या दिवसांत अंथरुणाला खिळला आणि पुन्हा उठला नाही. शेवटचे दोन दिवस वडील भिंतीपलीकडे जाऊन त्याच्या उशाशी बसले होते. दोघं काही बोलले का, हे मी वडलांना कधी विचारू शकले नाही. काकाच्या चेहऱ्यावर वाढलेली दाढी वडलांनी, तो शुद्धीत नसताना, अगदी हलक्या हातानं काढली. तेवढं मी दारातून पाहिलं.

दिवसकार्य झाल्यावर जातीतले लोक अंगणात बसले. जुनी रीत सगळ्यांना माहीत होती. खालची घरं वडलांकडे आली आणि काकीला जन्मभर वडलांनी पोसायचं ठरलं. कुणीतरी म्हणालं की आता सरकारनं विधवेला वाटा द्यायचा कायदा केलाय. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "तो जमिनीला, घराला. ही घरं कुठल्या सातबाऱ्यावर हायत?" सगळे हसले.

काकी दाराच्या आत उभी होती. ती तिथूनच बोलली. त्या सभेत बोललेली ती पहिली बाई.

"माझा भाचा हाय श्रीवर्धनला. हात चांगला हाय त्याचा. तो इथं येऊन ऱ्हाईल, खालच्या घरांची कामं करील. बाळंतपणं मी करतेच. घरं भावजींचीच ऱ्हाऊ देत. आमी दोघं कष्ट करून खाऊ."

माझी आई चटकन म्हणाली, "काय वाईट हाय ह्यात?" आईला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

वडील खाली बघत होते. ते म्हणाले, "माझ्या आज्याची घरं परक्याच्या हातात न्हाय द्यायची."

"तो परका, तर मी कोण?" काकी म्हणाली.

वडील उठून उभे राहिले. लोक उठले.

काकी महिनाभर आमच्या चुलीवर जेवली. ताट समोर आलं की ती आधी सगळ्यांची ताटं बघायची, मग आपल्यातला घास उचलायची. पूर्वी ती अशी जेवत नसे. मग एके दिवशी दुपारी तिनं श्रीवर्धनला भावाकडे जायला पत्र्याची पेटी बांधली. मी रडले, आईही रडली. वडील वरच्या घरांकडे गेले होते. काकीनं माझ्या गालावरून हात फिरवला. "शाळा सोडू नको," म्हणाली, आणि पाखाडीवरून चालत गेली. तिला निरोप द्यायला खालच्या घरांतल्या बायका दारांत उभ्या होत्या. त्यांची मुलं काकीच्या हातांवर जन्मलेली.

वडलांना आता आजाची सगळी घरं मिळाली होती. वरची, खालची, न वाटलेली. आणि त्याच काही वर्षांत ती वितळत गेली. खालच्या घरांतली बाळंतपणं अलिबागच्या दवाखान्यात होऊ लागली. कूळकायद्यात बागाइतदारांची भातखाचरं गेली, तेव्हा सुगीचं भात द्यायला त्यांच्याकडेच भात उरलं नाही. पुरुष मुंबईला नोकरीला गेले आणि घरांना कुलपं लागली. वडील सकाळी धोकटी घेऊन निघायचे आणि पूर्वी दुपार व्हायची तिथे न्याहारीच्या वेळेला परत यायचे. माझ्या थोरल्या भावानं मुंबईत एका कापड दुकानात नोकरी धरली. वडील त्याला म्हणाले, "घरं कुणी बघायची?" तो म्हणाला, "बाबा, घरं हायत कुठं?" त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्यानं खरंच विचारलं होतं.

मी अलिबागला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होते त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत वडील मला म्हणाले, "चल, श्रीवर्धनला जाऊन येऊ."

साळावला होडीनं उतरलो, मुरूडपर्यंत एस.टी., राजपुरीहून मचव्यानं दिघीला, तिथून पुन्हा एस.टी. काकीच्या भावाचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात पाचसहा बायका सुपारी सोलत बसल्या होत्या आणि त्यांत काकी होती. केस पांढरे झाले होते. सुपारीच्या रसानं बोटं काळी पडली होती. मला ओळखायला तिला क्षणभर लागला आणि मग तिनं काळी बोटं बाजूला धरून, मनगटांनीच मला जवळ घेतलं.

तिनं आम्हाला जेवू घातलं. वडील इतक्या वर्षांत तिच्याशी कधी थेट बोलले नव्हते. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं ते मुलाच्या नाहीतर बायकोच्या तोंडून, अशी आमच्यात पद्धत होती. त्या दिवशी ताटावरून उठताना ते तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या भाच्याला घेऊन चल. सगळी घरं त्याला देतो. वरची पन."

काकीनं त्यांचं ताट उचललं. मग म्हणाली, "त्याचं दुकान झालंय, भावजी. बाजारात. चांगलं चाललंय. तुमी बघून तरी जा."

आम्ही गेलो. छोटं दुकान, मोठा आरसा, एक खुर्ची. भाचा वडलांच्या पाया पडला. त्यानं वडलांच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं आणि खुर्ची पुसून म्हणाला, "बसा, काका." वडील नको नको म्हणाले. मग बसले. मुलानं साबण लावला, वस्तरा धारेच्या सिल्लीवर फिरवला, हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. वडील आरशात त्याचे हात बघत होते. तो काम करत असताना एक गिऱ्हाईक बाहेर येऊन थांबलं, आणि अजून एक.

"हात चांगला हाय," वडील उठताना म्हणाले. त्यांनी पैसे काढले. मुलानं घेतले नाहीत.

निघताना काकीनं माझ्या हातात खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या. खालच्या घरांतल्या एकेका बाईचं नाव घेऊन ती विचारत होती, तिची थोरली कुठं दिली, तिच्या धाकट्याचा पाय बरा झाला का. मला अर्ध्या जणींची खबर नव्हती. अलिबागला राहून मीही गावापासून तुटले होते.

"ये ना एकदा," मी म्हटलं.

"यीन," काकी म्हणाली. "तुझ्या लग्नाला यीन."

माझ्या लग्नाला ती येऊ शकली नाही. त्याच वर्षीच्या पावसात ती वारली. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. मी ही बातमी घेऊन माहेरी गेले तेव्हा वडील पाखाडीच्या खाली, एका लुळ्या पडलेल्या म्हाताऱ्याची दाढी करत होते. तेवढं एक घर ते अजून चालवत होते. मी सांगितलं. त्यांनी म्हाताऱ्याचा गाल पुसला, वस्तरा मिटला आणि विचारलं, "शेवटी कोन होतं तिच्यापाशी?"

"भाचा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. म्हाताऱ्याची एक बाजू राहिली होती. थोड्या वेळानं त्यांनी पाणी बदललं आणि ती पुरी केली.