पिंपातलं पिवळं पाणी

माझ्या बहिणीच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, करंगळी आणि तिच्या शेजारचं. ती दारात चिरडली होती. दार आपटणारा माणूस त्यानंतर आरशासमोर उभा राहून शर्टाच्या बाह्या उलगडत होता, बटणं लावत होता. हा माणूस म्हणजे तिचा नवरा, आमच्या बाजारातला चष्मेवाला. मारायच्या आधी तो बाह्या कोपरापर्यंत घडी घालून दुमडायचा. कपड्यावर डाग पडलेला त्याला खपत नसे. पूर्वी मी त्याला भावजी म्हणायचो आणि अहोजाहो करायचो. आता करत नाही.

बाजारात विचाराल तर लोक त्याला देवमाणूस म्हणत. म्हातारीच्या कानामागे चष्म्याची काडी बसवताना त्याची बोटं इतकी हलकी पडत की म्हातारी लाजायची. मी किल्ल्या बनवतो. बारीक काम, नजर कमी पडायला लागली तेव्हा त्यानेच मला चष्मा करून दिला, फुकट. त्या चष्म्यातून मी सात वर्षं किल्ल्यांचे दात घासले आणि बहिणीच्या अंगाकडे कानाडोळा केला.

ताई दोनदा माहेरी आली. पहिल्यांदा पाठीवर वळ घेऊन. मी तिला स्कूटरवर बसवून परत पोचवून आलो, वर त्याच्याकडे चहा पिऊन आलो. दुसऱ्यांदा ती बोटं फडक्यात गुंडाळून आली. तो मागोमाग आलाच, साखर पेरत बोलत. "वाऱ्याने दार आपटलं हो. मी तर आतल्या खोलीत होतो." त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. मला ते माहीत होतं. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "वारा तुमच्याकडेच बरा येतो," आणि मीच तिच्यावर डोळे वटारले. ताईला मी दुसऱ्यांदा पोचवलं. या वेळी चहा प्यायलो नाही, तेवढाच काय तो माझा पुरुषार्थ.

रंगवायचं वेड तिला लहानपणापासून. दहा वर्षांची असताना तिने कांद्याची सालं उकळून माझा शाळेचा पांढरा शर्ट पिवळा करून ठेवला. आईने तिला उलथन्याने बडवलं आणि मला तो शर्ट आठवडाभर घालायला लावला, म्हणजे मार दोघांनाही पडला. सासरी ती तेच करायची. जुन्या चादरी फाडायची, डाळिंबाच्या सालीत, गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात, तुरटीत घोळवायची, मग त्यांचे उशांचे अभ्रे, पिशव्या, लहान मुलांची दुपटी शिवायची. एका दुपारी त्याच्या पांढऱ्या रुमालांत एक रुमाल फिकट करडा निघाला. त्याने बाह्या दुमडल्या आणि चुलीवरचं उकळतं पातेलं तिच्या पायांवर ओतलं. कातडी मोज्यासारखी उतरली. हे मला तिने नाही सांगितलं. पुढे तिच्या खाली राहणाऱ्या इस्त्रीवालीने तिचे पाय बघितले आणि मला सांगितलं.

तिसऱ्यांदा ताई माझ्याकडे आलीच नाही. का येईल? ती थेट त्या इस्त्रीवालीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. एका खोलीत झोपायचं, शिवायचं, दुसरीत पिंप आणि दोऱ्या. मला बोलावलं ते फक्त दाराला कुलूप बसवायला. बसवलं. चांगलं पाच दातांचं, सहजी न उघडणारं. एक जादा किल्ली मी माझ्या टपरीत खिळ्याला अडकवून ठेवली. "हरवलीस तर असू दे," म्हणालो. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पण नको म्हणाली नाही.

विस्तवावर चढणारा रंग आता तिला नको होता. म्हणून तिने नीळ धरली, झाडाची. नीळ, चुना आणि काळी पडलेली केळी असं सगळं पिंपात मुरवायचं. मी म्हटलं, "ताई, हे रंगाचं पिंप आहे की माकडांचं जेवण?" ती पुष्कळ दिवसांनी हसली. वरचा फेस तिने बाजूला केला तर खाली पिवळट हिरवं पाणी, गटाराच्या कडेला असतं तसं. निळ्याचा पत्ता नाही. तिने दोऱ्याने गाठी मारलेलं कापड त्यात बुडवलं, वर काढलं, तेही पिवळट. मग वारा लागला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते हिरवं झालं, हिरव्याचं निळं झालं. मी खुळ्यासारखं त्यात बोट घातलं. बोटाचा रंग आठवड्याभरात गेला, नखाचा जाईना. नख वाढून कापलं जाईपर्यंत दीड-दोन महिने गिऱ्हाइकं विचारत होती, "कुठे मतदान केलंत?"

तीन बोटांनी ती सुई धरायची. हातशिलाईचं काम हळू, पण टाका असा की उलटी बाजू कुठली ते कळू नये. आईचं शिलाई मशीन मात्र सासरीच राहिलं होतं. त्यावर तिचा जीव होता.

त्यानेच ते हेरलं. एके सकाळी टपरीवर आला, डोळे ओले. म्हणाला, "मी चुकलो. तिला मी आता त्रास देणार नाही. फक्त ते मशीन तिच्या खोलीत नेऊन ठेवतो, ती बाजारात गेली की. तोंड दाखवायची माझी लायकी नाही. तुझ्याकडे किल्ली असेल ना?"

मी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. लिहितानाही हात जड होतो, पण दिली. मला वाटलं, झालं, मिटलं. मला नेहमी मिटवायचीच घाई.

पुढचं ताईने दवाखान्यात सांगितलं तसं सांगतो. टळटळीत दुपार होती. ती फेस काढून कापड बुडवत होती, पाठ दाराकडे. कुलूप फिरल्याचा आवाज आला तेव्हा तिला वाटलं मी आलो. वळली तर तो, मोकळ्या हातांनी. मशीन वगैरे काही नाही. दार लावून घेतलं, घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, बाह्या दुमडल्या. त्याने दोन डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, घरी नेऊन कोंडून औषध द्यावं लागेल. कागद खिशात होता. त्यावर तिने सही करायची होती की मी आपखुशीने घरी जाते.

ती म्हणाली, "मेले तरी नाही."

त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती वाकली तशी मानेला धरून तिचं डोकं पिंपात कोंबलं. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत. वर काढलं, विचारलं, "येतेस?" पुन्हा कोंबलं. असं चारदा की पाचदा. ताईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. "चुना होता ना रे त्यात," ती मला म्हणाली, भाजी चिरताना सांगावं तसं. श्वास संपला, नाकातोंडात पाणी गेलं. तिने तळमळून दोन्ही गुडघे पिंपाच्या खालच्या स्टुलावर आपटले. स्टूल कलंडलं, पिंप तिच्यासकट आडवं झालं, पाण्याचा लोंढा खोलीभर पसरला. आणि तो माणूस काय करतो? टुणकन उडी मारून कॉटवर चढतो. बूट नवे होते.

पाणी दाराखालून जिन्यावर, जिन्यावरून इस्त्रीवालीच्या धुतलेल्या कपड्यांवर. तिने गल्ली डोक्यावर घेतली. ती ओरडत वर येईतो तो घड्याळ उचलून, दाराला बाहेरून कुलूप लावून मागच्या जिन्याने पसार. दार फोडून तिने आत पाहिलं तर ताई जमिनीवर, ओकत. तोंड, मान, केस हळूहळू निळे होत चाललेले.

ठाण्यातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेतलं. "आत शिरताना कुलूप तोडलेलं नाही. किल्ली तिच्याचकडे. तुमचे मेहुणे सांगतात, ते माल आणायला परगावी होते. वेडाच्या भरात माणूस स्वतःचं डोकं पिंपात घालू शकतं. डॉक्टरांचा कागदही आहे. उद्या दवाखान्यातून सुटल्या की नवऱ्याच्या ताब्यात द्याव्या लागतील."

किल्ली तिच्याचकडे. मी तिथे उभा होतो आणि तोंड उघडलं नाही. बोललो असतो तर मीच सामील ठरलो असतो. मूग गिळून घरी आलो. बायकोने ताट वाढलं, मी हात लावला नाही. ती म्हणाली, "उद्या तिसऱ्यांदा पोचवायला तुम्हीच जाणार का?"

सकाळी टपरी उघडली तर तो हजर. दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या. "चहाचं आधण सांडलं," म्हणाला. अंगाला धुण्याच्या ब्लीचचा वास मारत होता. "तुझी किल्ली. मशीन न्यायला जमलंच नाही बघ. दुपारी दवाखान्यात येशील ना? तुझं ऐकते ती."

किल्ली मी हातात घेतली. आयुष्यभर हेच बघत आलोय, किल्लीचे दात. त्याच्याच चष्म्यातून बघितलं. पाचही खाचांत निळं वाळून बसलं होतं.

त्यानंतर मी काय केलं त्याची मला लाज नाही. त्याची कॉलर धरून त्याला टपरीवर आडवा ओढला आणि किल्ल्या आवळून घासायच्या लोखंडी व्हाइसमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पट्टीसकट घातली, करंगळी आणि शेजारचं. दांडा फिरवला. तो गुरासारखा ओरडला. दुसऱ्या हाताची पट्टी मी दातांनी फाडली. कातडं ब्लीच आणि दगडाने घासून सोललेलं, लालभडक, पण पाचही नखं निळी कच्च. लोक धावत आले. मघापर्यंत ज्याला देवमाणूस म्हणत, त्याच्या नखांकडे सगळे बघत राहिले. ताईचं निळं तोंड कालच सगळ्या बाजाराला कळलं होतं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. मी दांडा आणखी एक फेरा फिरवला. खोटं कशाला बोलू, दोन.

पोलिसांनी दोघांनाही नेलं. मी जबानी दिली. किल्ली मी दिली, केव्हा दिली, का दिली, सगळं लिहून घ्या म्हटलं. साहेबांनी त्याची नखं पाहिली, कपाटातून ताईचं पोलकं काढून रंगाशेजारी धरलं आणि डॉक्टरांचा तो कागद स्वतःच्या हाताने फाइलच्या तळाशी घातला. त्याला कोठडीत टाकलं. मला रात्र पडायच्या आत जामिनावर सोडलं.

मी पळतच दवाखान्यात गेलो. ताई उशाला टेकून बसली होती, तोंड अजून निळसर. मी खाटेजवळ उभा राहून धापा टाकत सगळं सांगितलं, व्हाइससकट. खरं सांगायचं तर मी शाबासकीची वाट बघत होतो.

तिने विचारलं, "त्याला किल्ली कुठून मिळाली?"

मी सांगितलं.

तिने तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "धाकट्या, दोनदा तुझ्या दारात आले तेव्हा माझं सगळं अंग काळंनिळं होतं. ते तुला नाही दिसलं. त्याची नखं बरी दिसली."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो, तर चादर सरकली आणि ते भाजलेले पाय पहिल्यांदा जवळून दिसले. तिने चादर ओढून घेतली. "जा आता," म्हणाली. रागाने नाही. दमून.

महिन्याभराने मी आईचं मशीन त्याच्या घरातून पोलिसांदेखत उचलून खांद्यावर घेतलं आणि तिच्या जिन्याने चढलो. इस्त्रीवालीने तोडलेल्या दाराला नवी फळी होती आणि नवं कुलूप. मी ओळखलं, माझ्या हातचं नव्हतं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक कुलुपवाला बसतो, त्याचं. बरं काम करतो. आतून पाण्याचा आवाज येत होता, ती काहीतरी पिळत होती.

मशीन फार जड. तरी मी ते खाली ठेवलं नाही. कडी वाजवली आणि ती आतून विचारेल त्याची वाट बघत उभा राहिलो.

"कोण?"

"मी आहे, ताई. मशीन आणलंय."

पाण्याचा आवाज थांबला. बरीच वाट बघावी लागली. मग कुलूप फिरलं, साखळीएवढं दार उघडलं, आणि फटीतून कोपरापर्यंत निळा असलेला हात बाहेर आला.

"तिथेच ठेव," ती म्हणाली. "तू गेलास की मी आत घेईन."