बँड, अल्बम आणि आमचे शेजारी

हे मी घरीही कधी बोललो नाही: माझ्या शेजाऱ्यांना मी एकदा चारचौघांत ओळख दाखवली नाही.

बिबवेवाडीत आमच्या समोरच्या दारात राहणारे हे काका संगीत नाटकांवर वाढलेले. काही आवडलं की ‘वन्स मोर!’ ओरडायचे. नाही आवडलं तरी तेच, फक्त जरा लांबवून. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो लांबवलेला वन्स मोर दर सभेत मिळायचा.

एक परदेशी इलेक्ट्रॉनिक बँड नवा अल्बम घेऊन जगभर फिरत पुण्यात येणार होता. आमच्या आयटी कंपनीने पास वाटले. जास्तीचा पास मी गंमत म्हणून काकांना दिला.

“बँड आहे, अल्बम आहे, मग लग्न कुणाचं?” त्यांनी विचारलं.

कडक इस्त्रीचा सदरा घालून ते आले. मी साहेबांना चिकटून उभा होतो. माझं प्रमोशन त्यांच्या हातात होतं. पहिलं गाणं थांबलं आणि माझ्या पाठीमागून खणखणीत आवाज आला, “वन्स मोर!”

“हा नमुना कोण रे?” साहेबांनी विचारलं.

“कुणास ठाऊक,” मी म्हणालो. काका हातभर अंतरावर होते.

स्टेजवरच्या गोऱ्या पोराला मात्र ती हाक बरोबर कळली. त्याने तेच गाणं पुन्हा वाजवलं. सगळं मैदान काकांकडे बघून ‘वन्स मोर!’ ओरडू लागलं, साहेब तर हात मिळवायलाच धावले.

“एकटेच आलात, काका?”

“एकटाच. अहो, शेजारी पास देतात, सोबत थोडीच देतात!”

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांची माफी मागणं माझ्याकडून अजून बाकी आहे.