बोअरचा पॉइंट मी का हलवला

बोअरची गाडी रिव्हर्स घेत आत आली तेव्हा मी बी विंगच्या मागे, सबनीसांच्या खिडकीखाली उभा होतो. पायाशी चुन्याची फुली होती. ऑपरेटरला मी म्हणालो, "इथे." आदल्या दिवशीपर्यंत ती फुली तिथे नव्हती.

सोसायटीच्या स्मरणिकेसाठी तेल शोधण्याचे अनुभव लिहा, असा आग्रह झाला आहे. तेलाचं नंतर पाहू. आधी पाण्याचं सांगतो, कारण त्या बाबतीत मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो आहे.

मी पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट होतो. जमिनीखाली तेल कुठे असेल याचा अंदाज बांधायचा आणि चुकलो तर बोलणी खायची, अशी नोकरी. तेल सापडतं गाळाच्या खडकात. पुण्याखाली लाव्हाचा काळा कातळ आहे, थरावर थर. त्यातलं पाणी भेगांमध्ये किंवा दोन थरांच्या सांध्यात असतं. म्हणजे मला बोअरचा पॉइंट विचारणं हे डोळ्यांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवण्यासारखं होतं. पण टँकरला कंटाळलेल्या माणसांना हे सांगून उपयोग नसतो. दोन मीटिंगांच्या भांडणानंतर सभेने एकच बोअर मंजूर केलं होतं. ते कोरडं गेलं तर दुसरं नाही.

एका जुन्या सहकाऱ्याचं यंत्र आणलं. जमिनीत थोडी वीज सोडायची आणि ती खडकातून कशी जाते ते पाहायचं. ओला खडक वीज सहज जाऊ देतो, कोरडा अडवतो. दोन जागा निघाल्या. चांगली होती ती पुढच्या बाजूला, आमच्याच बेडरूमच्या खिडकीखाली. दुसरी बी विंगच्या मागे, बरी म्हणावी अशी. मी पुढे फुली मारली.

त्याच आठवड्यात आमची मुग्धा बाळंत झाली आणि हॉस्पिटलमधून आमच्याकडे आली. सिझेरियन झालेलं, त्यात बाळ रात्रभर रडायचं. मुग्धाचा स्वतःचा जन्म झाला तेव्हा मी समुद्रातल्या रिगवर होतो. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पालथी पडायला लागली होती. नंतरही तिच्या शाळेच्या गॅदरिंगला कधी गेलो नाही. निदान तिच्या बाळंतपणात तिला झोप मिळावी, एवढंच माझ्या मनात होतं. बोअरचं मशीन खिडकीखाली चालतं तेव्हा ताटातली वाटीसुद्धा थरथरते.

मी जाऊन फुली पुसली आणि मागे नवी मारली.

आमच्या हिने गॅलरीतून पाहिलं. "अहो, काल खूण इकडे होती ना?"

"डेटा परत बघितला," मी म्हणालो. ती आत गेली. संसारात एवढं पुरतं.

तेलाच्या धंद्यात जागा हलवतातच. खाली साठा असतो आणि वर शाळा असते. मग रिग बाजूला उभी करून विहीर तिरकी खणतात. बोअरच्या गाडीला तिरकं जाता येत नाही. ती सरळ खाली जाते आणि तुम्ही चुकलात की नाही ते सांगते.

सबनीस बँकेतून रिटायर झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी सकाळीच विचारलं होतं, थोडं बाजूला नाही का जमणार.

"सबनीस, खडकापुढे कुणाचं चालतं?" मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली, खिडक्या लावल्या आणि कानात कापूस घातला.

मशीन सुरू झालं. आमच्याकडे त्याचा आवाज जेमतेम येत होता, आणि बाळ रडतच होतं. शेवटी सबनीसवहिनी आल्या. मुग्धा त्यांना म्हणाली, बाळाला घेऊन जा, मी अर्धा तास पडते. थोड्या वेळाने मी बाळाला आणायला गेलो. खिडकीबाहेर मशीन धडधडत होतं, टीपॉयवर धुळीचा थर होता, आणि माझी नात वहिनींच्या मांडीवर गाढ झोपली होती.

मला तिथे उभं राहवेना. "सबनीस, चांगला पॉइंट पुढे होता. आमच्या खिडकीखाली. मी हलवला."

त्यांनी एका कानातला कापूस काढला. "काय म्हणालात?"

हे मला दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. बाळ हललंसुद्धा नाही.

"माहितीये," सबनीस म्हणाले. "तुमच्याकडे पाळणा आला आणि दोन दिवसांत खडक सरकला. मला जिऑलॉजी येत नाही, पण एवढं कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं का नाहीत? बाळंतिणीसाठी म्हणाला असतात, तर फुली मीच मारून दिली असती. तुम्ही मला खडक ऐकवलात."

तेवढ्यात सेक्रेटरी वानखेडे धावत आला. मूळचा अमरावतीचा, आयटीतला मुलगा. "काका, सगळं ड्रायच चाललंय. ऑपरेटर विचारतोय, स्टॉप करू का?"

"आता खरं सांगा," सबनीस म्हणाले.

मी खाली गेलो. ड्रिलिंगमधून वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्याला आम्ही कटिंग्ज म्हणतो. आतापर्यंत राखाडी धूळ होती. आता हातात लालसर चिकणमातीचे खडे आले. जुन्या लाव्हाच्या पृष्ठभागावर झालेली ती माती, नंतर नव्या लाव्हाखाली दबलेली. तिच्याखालचा जुना थर कधी कधी इडलीसारखा जाळीदार असतो, आणि त्या जाळीत पाणी साठतं.

"खात्री नाही," मी वानखेडेला म्हणालो. "पण थोडं अजून जाऊ. नाही लागलं तर चूक माझी, तसं सभेत सांगेन."

थोड्या वेळाने धुळीचा चिखल झाला, चिखलाचं गढूळ पाणी झालं आणि ते उसळून सबनीसांच्या खिडकीवर आदळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वार्षिक सभेत मला शाल मिळाली, आणि मी ती गप्प बसून घेतली.

पुढे शेजारच्या सोसायटीने आमच्या पुढच्या भिंतीला लागून बोअर घेतलं. त्यांना पाणी बरंच वर लागलं. आपली मोटर खोलातून पाणी ओढते, ते माझ्यामुळे. आणि आपलं बोअर झालं त्या रात्री, मशीन गेल्यावर, बाळाने घर डोक्यावर घेतलं, आणि मुग्धाने विचारलं, "बाबा, ती गाडी परत बोलावता येईल का?"

रिगवरचा नियम साधा आहे. जागा हलवली तर कारण सांगायचं, आणि खरं सांगायचं. खोट्या कारणासाठी निदान खडकाला तरी मध्ये घेऊ नये.

सबनीस अजून गेटवर भेटले की विचारतात, "काय पेंडसे, खडक जागेवर आहे ना?"

आहे. तेव्हाही होता.