लाझरस बेटाजवळचे तीन दिवस

सिंगापुरातल्या आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर कॅरिबियन समुद्राचा नकाशा दोन वर्षं लावलेला होता. मुलीची सहावीची परीक्षा, म्हणजे पुढची शाळा ठरवणारी पीएसएलई, आटोपली की डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही चौघांनी तिकडे जायचं, शिडाची बोट भाड्याने घ्यायची आणि दहा दिवस या बेटावरून त्या बेटावर हिंडायचं, असा नवऱ्याचा बेत होता. धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता. जेवता जेवता तो नकाशातली नावं मोठ्याने वाचायचा आणि कुठल्या बेटावर कोण आधी उडी मारणार ते ठरवून टाकायचा.

फेब्रुवारीत मी आणि नवऱ्याने वेगळं व्हायचं ठरवलं. तो बेत तिथेच संपला.

आमच्यात मोठं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं, असं आता वाटतं. मला इथल्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली तेव्हा तो नागपुरात पुलांच्या बांधकामावर इंजिनिअर होता. मुलगी आठ महिन्यांची होती. त्याने नोकरी सोडली आणि माझ्याबरोबर आला. पहिली दोन वर्षं आम्ही क्लेमेंटीला एका घरात एकच खोली भाड्याने घेऊन काढली. मी प्रयोगशाळेत, तो मुलीपाशी. त्याचा इथे राहायचा परवाना, म्हणजे पास, माझ्या पासला जोडलेला होता आणि त्या पासवर त्याला त्याच्या कामाची नोकरी मिळेना. सुरुवातीला तो रोज अर्ज करायचा. मग आठवड्याला एक. मग धाकट्याचा जन्म झाला आणि अर्ज बंद झाले. माझ्या ऑफिसच्या पार्टीत कुणी विचारलं की तो हसून सांगायचा, "मी घर चालवतो." मीही हसायचे. त्याचं ते हसणं कधी थांबलं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

धाकटा बालवाडीत जाऊ लागला तेव्हा ईस्ट कोस्टच्या एका क्लबमध्ये तो शिडाची बोट चालवायला शिकला. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तोच चोविसाव्या वर्षी, पण दोन वर्षांत तो दुसऱ्यांना शिकवायला लागला. मी एकदाच गेले होते बघायला. मला मळमळायला लागलं, म्हणून अर्ध्या तासात परत आणून सोडायला लावलं. पुन्हा गेले नाही.

मग नागपूरहून त्याच्या जुन्या मित्राचा फोन आला. एका मोठ्या पुलाचं काम निघालं होतं. तो म्हणाला, आपण सगळेच परत जाऊ. मी नाही म्हणाले. वर्षभर हेच चाललं. तो विचारायचा, मी टाळायचे. शेवटी एका संध्याकाळी भांडी आवरताना तो म्हणाला, "मी जातो. तू राहा. पण नवराबायको म्हणून नुसतं दूर दूर राहायचं, ते मला जमणार नाही. ते खोटं होईल." मी ओला हात पुसत उभी राहिले. तू जाऊ नकोस, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मुलांना परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही."

त्याला ते पटलं नाही, पण तो कबूल झाला. जूनअखेरीस त्याने जायचं. बाबा कामासाठी जात आहेत, एवढंच मुलांना सांगायचं. तो हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागला. बाबा फार घोरतात, असं आम्ही मुलांना सांगितलं. दर रविवारी सकाळी मुलं नागपूरच्या आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर त्रिसरण-पंचशील म्हणायची. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की मी काहीतरी आणायला म्हणून स्वयंपाकघरात जायचे.

डिसेंबरची सहल यंदा नाही, हे ऐकून धाकटा दोन दिवस रडला. पण हट्ट धरला तो मुलीने. ती फारसं काही मागणारी नाही. ती म्हणाली, तिकडे नाही तर इथे जाऊ, जूनच्या सुट्टीत, इथेही बोट मिळते. अभ्यासाचं काय, असं मी विचारलं तेव्हा तिने तीन दिवसांचा अभ्यास आधी कसा संपवणार त्याचं वेळापत्रक लिहून आणलं. बारा वर्षांची पोर, दमली असेल, असं मला वाटलं. नवऱ्याने शोधाशोध करून दक्षिणेकडच्या बेटांना नेणारी एक छोटी शिडाची बोट ठरवली. तीन दिवस, दोन रात्री. बरोबर बोटीचा कप्तान येणार होता. साठी ओलांडलेला शांत मलय माणूस, मुलं त्याला पाकचिक, म्हणजे काका, म्हणायला लागली. आत दोन केबिन होत्या. एक मुलांची, एक आमची. कप्तान बाहेर बाकावर झोपणार होता.

पहिला दिवस चांगला गेला. बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठमोठ्या जहाजांमधून आम्ही हळूहळू निघालो. वारा इतका कमी होता की बराच वेळ इंजिनच चालू होतं. धाकट्याने भिंतीवरचा नकाशा सोबत आणला होता आणि दिसेल त्या बेटाला त्यातलं नाव देत होता. कुसू बेटाचं ग्रेनाडा झालं. नवरा गंभीर चेहऱ्याने त्याला दिशा विचारायचा, आणि तो सांगेल तिकडे सुकाणू वळवल्यासारखं करायचा. दुपारी लाझरस बेटाच्या खाडीत नांगर टाकला. मुलं आणि त्यांचे बाबा पाण्यात उतरले. मी वरून बघत बसले. मी सकाळी करून आणलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी आम्ही डेकवर बसून खाल्ली. कप्तानाने दुसरी पोळी मागून घेतली. कुणी आम्हाला लांबून पाहिलं असतं तर सुखी कुटुंब म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो तेव्हा पश्चिमेकडून आकाश काळं होत आलं. या दिवसांत सुमात्राकडून अशी वादळं येतात. घरात असलं की आपण बाल्कनीतले कपडे आत घेतो आणि विसरून जातो. कप्तान आणि नवरा दोघेही एकदम उभे राहिले. मुलांना आत पाठव, एवढंच नवरा मला म्हणाला. पाच मिनिटांत वारा असा सुटला की समोरचं बेट दिसेनासं झालं. पाऊस आडवा येत होता. बोट कलली आणि नांगर तळाला घसटत सरकू लागला. आमच्यामागे खडक होते.

मी दाराशी दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होते. कप्तानाने इंजिन सुरू करून सुकाणू धरलं आणि नवरा ओणवा होत होत पार पुढच्या टोकाला गेला. तिथे गुडघे टेकून तो नांगराची साखळी सोडत होता, थांबत होता, हाताने कप्तानाला खूण करत होता. मोठ्याने ओरडला नाही. घाई केली नाही. एकदा लाट त्याच्या डोक्यावरून गेली, तरी त्याचा हात साखळीवरच होता. वीसेक मिनिटं असं चाललं असेल. मग नांगराने तळ पकडला. बोट थरथरली आणि जागेवर ठरली.

त्या वीस मिनिटांत मला भीती वाटली, पण त्याहून काही वेगळंच जास्त वाटलं. या माणसाशी मी लग्न केलं होतं. एका साइटवर, भर उन्हात, तीस माणसांना हळू आवाजात काम सांगणारा माणूस मी पाहिला होता आणि तोच मला आवडला होता. तो कुठे गेला, असं मी मनातल्या मनात कितीदा म्हटलं होतं. तो इथेच होता. मीच त्याला बघायला आले नव्हते.

पाऊस गेल्यावर कप्तान मला म्हणाला की तुझ्या नवऱ्याचे हात चांगले आहेत, आज तो नसता तर मला एकट्याला अवघड होतं. मी मान हलवली.

आत गेले तर मुलीने धाकट्याला लाइफ जॅकेट घालून, कोपऱ्यात उशा लावून बसवलं होतं आणि स्वतः त्याच्यासमोर पाय रोवून बसली होती. त्याला ती गोष्ट सांगत होती. तो हसत होता. थोड्या वेळाने तो वर बाबांकडे पळाला. मी खाली सांडलेला चहा पुसायला लागले. ती मदतीला वाकली. तिने फडकं हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, बाबा परत येणार नाहीत ना?"

ती घरात नेहमी इंग्रजीत बोलते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, अशी आमची वर्षानुवर्षांची रीत. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

मी म्हणाले, "कामासाठी चाललेत बाळा, तुला सांगितलं ना."

"तू मावशीला फोनवर सांगितलंस. किचनमध्ये. फेब्रुवारीत."

माझ्या मोठ्या बहिणीला मी सगळं सांगितलं होतं. मुलं हॉलमध्येच होती. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मुलांना आपली भरभर बोललेली मराठी कळत नाही, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. घरातले सगळे अवघड विषय आम्ही त्यांच्यासमोर, त्यांच्या डोक्यावरून बोलत आलो होतो.

"तुला कळलं सगळं?"

"मी इंग्लिशमध्ये बोलते म्हणजे मराठी कळत नाही का? सगळं कळतं, लाह." शेवटचा लाह तेवढा तिच्या शाळेतल्या इंग्रजीतला.

मी तिथेच खाली बसले. मग आधी का नाही बोललीस, असं विचारलं. तिने खांदे उडवले. म्हणाली, तुम्ही परीक्षेसाठी सांगत नव्हता, मग मीही नाही सांगितलं. थोडा वेळ ती फडकं पिळत राहिली. मग म्हणाली, "घरी बाबा हॉलमध्ये झोपतात. बोटीवर दोनच केबिन असतात. मला वाटलं, इथे तुम्हाला एका खोलीत राहावं लागेल. मग तुम्ही बोलाल."

आदल्या रात्री आम्ही दोघं त्या अरुंद केबिनमध्ये एकमेकांना धक्का लागू नये म्हणून कडेला सरकून झोपलो होतो. एक शब्दही बोललो नव्हतो. मी तिला ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. सकाळी आमचे चेहरे पाहून तिला कळलंच असावं.

मी तिला जवळ घेतलं. ती आली, पण अंग ताठच ठेवलं. म्हणाली, धाकट्याला आत्ता सांगू नका, ही सहल संपू दे.

दुपारी नवरा ओलं शीड वाळत घालत होता तेव्हा मी त्याला सांगितलं. तो काम थांबवून खाली बसला. "चार महिने?" एवढंच म्हणाला. मग उठून पुढच्या टोकाला गेला, जिथे मुलगी पाय खाली सोडून बसली होती, आणि तिच्याशेजारी बसला. बराच वेळ दोघं तिथे होते. मला ऐकू येत नव्हतं. ती रडली नाही, एवढं दिसत होतं. तो मात्र तोंड फिरवून बसला होता. ती काय म्हणाली, ते त्याने मला नंतर सांगितलं. तिने विचारलं होतं, तिकडे तुम्ही एकटे जेवणार का?

तिसऱ्या दिवशी परत आलो. आठवडाभराने चौघांनी बसून धाकट्याला सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, मला शाळेतून कोण आणणार. मी म्हणाले, मी. त्याने माझ्याकडे जरा शंकेने पाहिलं. मग एकदम बाबांच्या मांडीवर चढून बसला आणि बराच वेळ उतरला नाही.

त्या आठवड्यात एकदा मी नवऱ्याला म्हणाले, अजून विचार करायचा का. बोटीवर मला जे वाटलं तेही सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "हे दोन वर्षांपूर्वी म्हणाली असतीस तर मी राहिलो असतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मला कळलं की आता काही उरलेलं नाही.

चांगी विमानतळावर त्याने दोन्ही मुलांना एकदम उचलायचा प्रयत्न केला. मुलगी आता उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती. त्याने तिला खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. माझा त्याने निरोप घेतला तो ओळखीच्या माणसाचा घ्यावा तसा.

परीक्षेत तिला चांगले गुण मिळाले. निकाल हातात आला तेव्हा मला हायसं वाटलं, आणि त्याची लगेच लाजही वाटली. पुढच्या वर्षी नागपूरच्या कोर्टात संमतीने घटस्फोट झाला. तो पुलाच्या साइटजवळ दोन खोल्यांच्या घरात राहतो. मुलं सुट्टीत तिकडे जातात. त्याची तब्येत सुधारली आहे, आणि ते हसणं परत आलं आहे, असं माझी बहीण सांगते.

वेगळं झाल्याचं दुःख मी सोसते आहे, ते माझ्या वाट्याचं आहे. पण त्या चार महिन्यांचं काय करायचं, ते मला कळत नाही. रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून गणितं सोडवत होती, मी तिला फळं कापून देत होते, आणि तिला सगळं माहीत होतं. मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. शाळेतून आली की दारात बूट काढताना ती आधी मान वर करून माझा चेहरा बघते. सगळं ठीक आहे असं दिसलं की मगच दप्तर खाली ठेवते.